थांबलेल्या जपानचा हिशेब

जपानमधल्या कंपन्यांच्या दृष्टीने १ एप्रिल हा वर्षातला मोठा दिवस. त्या दिवशी देशभर नव्या भरतीचे स्वागतसमारंभ होतात. नुकतीच पदवी हातात पडलेली मुलंमुली एकसारखे गडद सूट घालून रांगेने बसतात, कंपनीचे अध्यक्ष भाषण करतात आणि मुलं कंपनीची होतात. त्यांची निवड महिनोन्‌महिने आधीच झालेली असते. कॉलेजचं शेवटचं वर्ष संपण्यापूर्वीच अर्ज, परीक्षा, मुलाखतींच्या फेऱ्या उरकलेल्या असतात. महायुद्धानंतरच्या जपानमध्ये एकदा असं आत गेलं, की पुढचा रस्ता आखून दिलेला असे. वयाबरोबर वाढत जाणारा पगार, वर्षातून दोनदा बोनस, कंपनीच्या नावावर सहज मिळणारं घरकर्ज आणि निवृत्तीच्या वेळी भरभक्कम रक्कम. त्या वर्षी आत जाता आलं नाही तर मात्र कठीण. पुढच्या वर्षी नवी तुकडी बाहेर पडणार आणि मोठ्या कंपन्यांना ताजे पदवीधरच हवे असणार. ही संधी आयुष्यात जवळजवळ एकदाच येई.

जपानच्या तीस वर्षांच्या आर्थिक मरगळीबद्दल लिहिताना शेअर बाजार, जमिनीचे भाव आणि व्याजदर यांचे आकडे मांडले जातात. ते या प्रकरणातही येतील. पण श्रीमंत देशाची वाढ दीर्घकाळ थांबते तेव्हा माणसांचं काय होतं, हे समजून घ्यायचं असेल, तर या भरतीच्या दाराकडे पाहायला हवं. जपान बुडाला नाही. गाड्या वेळेवर धावत राहिल्या, दवाखाने चालू राहिले, आत असलेल्या बहुतेकांच्या नोकऱ्याही टिकल्या. या सगळ्याची किंमत प्रामुख्याने दाराबाहेर राहिलेल्यांनी मोजली. मला या प्रकरणात तोच हिशेब मांडायचा आहे.

जमिनीवर उभा राहिलेला फुगा

सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात अमेरिका, जपान, पश्चिम जर्मनी, ब्रिटन आणि फ्रान्सचे अर्थमंत्री जमले आणि डॉलरचा भाव उतरवायचं ठरलं. तेव्हा एका डॉलरला सुमारे २४० येन मोजावे लागत. १९८७ संपताना तो भाव १२०-१२५ येनच्या घरात आला. जपानी माल परदेशात महागला, निर्यातदार हवालदिल झाले. त्यांना आधार म्हणून बँक ऑफ जपानने व्याजदर उतरवत नेला आणि फेब्रुवारी १९८७ मध्ये तो अडीच टक्क्यांवर आणून ठेवला.

स्वस्त झालेला पैसा जमिनीकडे आणि शेअर्सकडे वळला. डोंगराळ, दाटीवाटीच्या जपानमध्ये जमिनीचा भाव पडत नाही, यावर सगळ्यांचाच विश्वास होता. बँका जमीन तारण ठेवून कर्ज देत, त्या पैशातून आणखी जमीन घेतली जाई, तिचा भाव चढे आणि चढलेल्या भावावर आणखी कर्ज मिळे. १९८९ मध्ये सोनीने हॉलिवूडची कोलंबिया पिक्चर्स विकत घेतली. त्याच वर्षी मित्सुबिशी इस्टेटने न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये मोठा हिस्सा मिळवला. २९ डिसेंबर १९८९ रोजी, वर्षातल्या शेवटच्या सत्रात, तोक्यो शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर बंद झाला.

त्याच महिन्यात बँक ऑफ जपानच्या गव्हर्नरपदी यासुशी मिएनो आले. सामान्य माणसाला शहरात घर घेणं अशक्य झालं होतं आणि भाव खाली आणायचे असा त्यांचा निर्धार होता. मे १९८९ पासून चढू लागलेला व्याजदर ऑगस्ट १९९० मध्ये ६ टक्क्यांवर पोहोचला. मार्च १९९० मध्ये अर्थखात्याने जमीनजुमल्यासाठीच्या कर्जांवर मर्यादा घातली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत शेअर बाजार जवळपास निम्म्यावर आला. पाठोपाठ जमीनही घसरू लागली आणि वर्षानुवर्षं घसरतच राहिली. सहा महानगरांतल्या व्यापारी जमिनींची किंमत शिखरापासून ८० टक्क्यांहून अधिक उतरली. १९८९ चा निर्देशांक पुन्हा गाठायला २२ फेब्रुवारी २०२४ उजाडावं लागलं. दरम्यान ३४ वर्षं उलटली होती.

झाकून ठेवलेलं नुकसान

फुगे सगळीकडे फुगतात आणि फुटतात. जपानची मरगळ इतकी लांबली, याचं एक मोठं कारण फुगा फुटल्यानंतरच्या वागण्यात आहे. ज्या जमिनीवर कर्ज दिलं तिची किंमत पाव झाली, तर ते कर्ज बुडीत म्हणून नोंदवायला हवं. पण तसं नोंदवलं, तर बँकेचं भांडवलच संपणार. म्हणून बँकांनी जुन्या कर्जाचं व्याज फेडता यावं यासाठी त्याच कंपन्यांना नवं कर्ज दिलं. ज्या कंपन्या एरवी बंद पडल्या असत्या त्या कागदोपत्री जिवंत राहिल्या. त्यांच्यात अडकलेला पैसा आणि माणसं नव्या उद्योगांकडे जाऊ शकली नाहीत. देखरेख करणाऱ्या अर्थखात्यानेही डोळेझाक केली. जमिनीचे भाव पुन्हा चढतील आणि सगळं आपोआप मिटेल, अशी सर्वांचीच आशा होती.

१९९६ मध्ये घरकर्ज देणाऱ्या बुडालेल्या वित्तसंस्थांसाठी सरकारने ६८५ अब्ज येन द्यायचं ठरवलं. सट्टेबाजांच्या चुका करदात्याने का निस्तराव्यात, म्हणून लोक इतके संतापले की पुढे बँकांसाठी पैसा मागायचं धाडस कोणत्याही नेत्याला होईना. मग नोव्हेंबर १९९७ उजाडला. एकाच महिन्यात सान्यो सिक्युरिटीज, होक्काइदो ताकुशोकु बँक आणि यामाइची सिक्युरिटीज कोसळल्या. १८९७ मध्ये स्थापन झालेली यामाइची देशातल्या चार बड्या दलाली पेढ्यांपैकी एक होती आणि तिने अडीचशे अब्ज येनहून अधिक तोटा वर्षानुवर्षं लपवला होता. काही महिन्यांपूर्वीच अध्यक्ष झालेले शोहेई नोझावा पत्रकार परिषदेत उभे राहिले आणि सगळ्या देशासमोर रडले. दोष आमचा आहे, कर्मचाऱ्यांचा नाही, त्यांना नव्या नोकऱ्या मिळवायला मदत करा, असं ते काकुळतीने सांगत होते. ते दृश्य त्या पिढीतला जपानी माणूस विसरलेला नाही. पुढच्या वर्षी दोन मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण करावं लागलं. बुडीत कर्जांची खरीखुरी सफाई २००२-०३ मध्ये, वित्तीय सेवा मंत्री हेइझो ताकेनाका यांच्या कारकिर्दीत झाली. फुगा फुटून तेव्हा बारा वर्षं झाली होती.

स्वस्ताईची सवय

कंपन्यांचं कर्जात बुडालेल्या घरासारखं झालं. मालमत्तेची किंमत गेली, कर्ज मात्र तेवढंच राहिलं. हाती येणारा नफा नव्या यंत्रांत गुंतवायच्या ऐवजी त्या वर्षानुवर्षं कर्जच फेडत बसल्या. अर्थतज्ज्ञ रिचर्ड कू यांनी या अवस्थेची मांडणी केली आहे. प्रत्येक कंपनी आपापल्या परीने शहाणपणाचंच वागत होती, पण सगळ्यांनीच एकदम खर्च आवरला की देशात मागणी उरत नाही. मागणी नाही म्हणून किमती उतरतात. उद्या आणखी स्वस्त मिळेल म्हणून माणूस आजची खरेदी लांबवतो. किमती उतरल्या की मालकाचं उत्पन्न घटतं आणि तो पगार आवरतो. कर्जाचा आकडा तेवढाच राहतो, पण ते फेडणारं उत्पन्न आटतं आणि ओझं वाढत जातं.

रोजच्या जगण्यात हे कसं दिसत होतं? १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मॅकडोनल्डचा साधा हॅम्बर्गर २१० येनला मिळे, २००२ मध्ये तो ५९ येनला मिळू लागला. योशिनोया या साखळीने भात आणि गोमांसाचा आपला प्रसिद्ध वाडगा २००१ मध्ये ४०० येनवरून २८० वर आणला. शंभर येनमध्ये सगळं काही विकणारी दुकानं गल्लोगल्ली उघडली. १९९८ मध्ये युनिक्लोने १,९०० येनला विकलेली फ्लीसची जॅकेटं घेण्यासाठी तोक्योत झुंबड उडाली. खर्च आवरून जगणाऱ्या घरांना या स्वस्ताईचा आधार होता, हे नाकारता येणार नाही. पण उत्पन्नही त्याच वाटेने खाली येत होतं. राष्ट्रीय कर विभागाच्या पाहणीनुसार खासगी क्षेत्रातल्या नोकरदाराचा सरासरी वार्षिक पगार १९९७ मध्ये ४६ लाख ७३ हजार येन होता, २००९ मध्ये तो ४० लाख ५९ हजारांवर आला. नवऱ्याने सगळा पगार बायकोच्या हाती द्यायचा आणि तिने त्याला महिन्याचा हातखर्च काढून द्यायचा, ही अनेक जपानी घरांतली रीत. एका बँकेची या हातखर्चाची पाहणी दरवर्षी प्रसिद्ध होते. १९९० च्या सुमारास महिन्याला ७५ हजार येनच्या वर गेलेला हा आकडा २०१० नंतर ४० हजारांच्याही आत आला. दुपारचं जेवण, संध्याकाळी सहकाऱ्यांबरोबरची बिअर, सिगारेट, पुस्तकं, सगळं त्यातच.

किमती न वाढण्याची सवय किती खोल गेली होती, हे एका बर्फाच्या कांडीवरून कळतं. गारीगारी-कुन ही सोड्याच्या चवीची निळी कांडी जपानी मुलं १९८१ पासून खात आली आहेत. १९९१ मध्ये तिची किंमत ६० येन झाली आणि पुढे पंचवीस वर्षं ती तेवढीच राहिली. एप्रिल २०१६ मध्ये आकागी न्यूग्यो या उत्पादक कंपनीने ती ७० येन केली. त्यासाठी खास दूरचित्रवाणीवर जाहिरात दिली. तिच्यात कारखान्याबाहेर कंपनीचे अध्यक्ष आणि कर्मचारी गंभीर चेहऱ्याने रांगेत उभे आहेत. पाठीमागे किंमतवाढीवरचं एक जुनं गाणं वाजतं आहे आणि सगळे जण कमरेत वाकून ग्राहकांची माफी मागत आहेत. दहा येनची वाढ, म्हणजे तेव्हाचे जेमतेम सहा रुपये. दरवर्षी दुधाची पिशवी महागल्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हे अतर्क्य वाटेल. पण जिथे पगार वीस वर्षं वाढला नाही, तिथे कोणतीही वाढ ग्राहकाचा विश्वासघात ठरते, आणि ती कंपनी हे नेमकं ओळखून होती.

बंद झालेलं दार

आता सुरुवातीच्या भरतीकडे वळू. जपानमध्ये कायम नोकरदाराला काढून टाकणं सोपं नाही. न्यायालयांचे निवाडे तसे आहेत आणि समाजाची रीतही तशीच आहे. कामगार संघटनांनीही नोकऱ्या टिकाव्यात म्हणून पगारवाढीचा आग्रह सोडला. १९५५ पासून दर वसंत ऋतूत होणाऱ्या वेतनवाटाघाटींतून बरीच वर्षं जवळपास काहीच हाती लागेना. मग खर्च कमी करायचा मार्ग कोणता? जो अजून आत आलेलाच नाही त्याला घ्यायचं नाही.

१९९१ मध्ये बाहेर पडणाऱ्या प्रत्येक इच्छुक पदवीधरामागे २.८६ नोकऱ्या होत्या. २००० मध्ये हे प्रमाण ०.९९ वर आलं. साधारण १९९३ ते २००४ या काळात शिक्षण संपवून बाहेर पडलेल्यांना जपानमध्ये ‘नोकरीच्या हिमयुगातली पिढी’ म्हणतात. त्यांनी शंभर-शंभर अर्ज केले, नकार पचवले आणि मिळेल ते काम धरलं. दुकानात तासावर, कॉल सेंटरमध्ये सहा महिन्यांच्या करारावर, नाहीतर मजूर पुरवणाऱ्या कंपनीमार्फत. असा पुरवठा आधी मोजक्याच कामांपुरता मर्यादित होता. १९९९ मध्ये कायदा सैल झाला आणि २००४ पासून कारखान्यांतही अशी माणसं घेता येऊ लागली. १९९० मध्ये नोकरदारांपैकी २० टक्के हंगामी, अर्धवेळ किंवा करारावर होते, २०१९ मध्ये ते प्रमाण ३८ टक्क्यांवर गेलं. २००८ च्या जागतिक संकटात कारखान्यांनी ही माणसं रातोरात कमी केली. त्यांच्यापैकी अनेक जण कंपनीच्या वसतिगृहात राहत, त्यामुळे नोकरीबरोबर छप्परही गेलं. त्या वर्षअखेरीस तोक्योच्या हिबिया उद्यानात, मंत्रालयांच्या इमारतींपासून हाकेच्या अंतरावर, स्वयंसेवकांनी तंबू ठोकले आणि नव्या वर्षाचे पहिले दिवस सुमारे पाचशे बेघर कामगारांनी तिथे काढले. श्रीमंत जपानने आपली गरिबी त्या दिवसांत उघड्या डोळ्यांनी पाहिली.

अर्थव्यवस्था थोडी सावरली तेव्हा कंपन्यांनी भरती सुरू केली, पण ती पुन्हा ताज्या पदवीधरांची. हिमयुगातली पिढी तिशी-चाळिशीत पोहोचली होती. तिच्याकडे ‘योग्य अनुभव’ नव्हता, कारण तो मिळवण्याची संधीच तिला मिळाली नव्हती. २०१९ मध्ये ह्योगो प्रांतातल्या ताकाराझुका नगरपालिकेने खास या पिढीसाठी, ३६ ते ४५ वयाच्या उमेदवारांसाठी, तीनेक जागांची जाहिरात काढली. देशभरातून १,८१६ अर्ज आले. नगरपालिकेने शेवटी तिघांऐवजी चौघांना घेतलं. तोवर या पिढीतल्या अनेकांची नोकरीच्या उमेदीची निम्मी वर्षं सरून गेली होती.

या पिढीत एक मोठा गट होता. १९७१ ते १९७४ या काळात जपानमध्ये दरवर्षी वीस लाखांहून अधिक मुलं जन्मली होती. ती लग्नाच्या वयात आली की पुन्हा जन्म वाढतील आणि म्हाताऱ्या होत चाललेल्या देशाला तरुण हात मिळतील, असा नियोजनकर्त्यांचा कयास होता. नेमकी हीच मुलं १९९० च्या दशकात दारात अडकली. पगाराची शाश्वती नाही, घर घेण्याची ऐपत नाही, मग लग्न कसं करणार? तिशीच्या पहिल्या काही वर्षांतल्या पुरुषांत करारावर काम करणाऱ्यांचं लग्न झालेलं असण्याचं प्रमाण कायम नोकरीवाल्यांच्या निम्म्याहूनही कमी आढळतं. पन्नाशीपर्यंत लग्नच न झालेले पुरुष १९९० मध्ये शेकडा ५ ते ६ होते, २०२० मध्ये २८ झाले. अपेक्षित असलेली जन्मांची लाट आलीच नाही. २०२४ मध्ये जपानमध्ये ६ लाख ८६ हजार मुलं जन्मली. लोकसंख्या घटण्यामागे इतरही कारणं आहेत, स्त्रियांवरचं घरकामाचं ओझं आहे, कामाचे न संपणारे तास आहेत. तरीही हिमयुगात वाचवलेले पगार देशाला पुढे फार महागात पडले, असंच मला म्हणावं लागतं.

काही जण घराबाहेर पडेनासे झाले. २०१९ मध्ये जपान सरकारने प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार ४० ते ६४ वयोगटातली ६ लाख १३ हजार माणसं सहा महिन्यांहून अधिक काळ घरात कोंडून राहत होती. ऐंशीच्या आईवडिलांच्या पेन्शनवर पन्नाशीचा मुलगा जगतो आहे, अशी हजारो घरं तिथे आहेत.

आत असलेल्यांनी काहीच सोसलं नाही, असंही नाही. १९९७ मध्ये देशात २४ हजारांवर आत्महत्या झाल्या होत्या, १९९८ मध्ये तो आकडा ३२ हजारांच्या पुढे गेला. पुढे २०११ पर्यंत सलग चौदा वर्षं तो तीस हजारांच्या खाली आला नाही. १९९८ च्या वाढीत मध्यमवयीन पुरुषांचा वाटा मोठा होता. लहान उद्योजकाला धंद्याच्या कर्जासाठी स्वतःचं घर आणि नाव हमी म्हणून द्यावं लागे. धंदा बुडाला की अब्रूही जाई.

युबारी

काही गावांच्या वाट्यालाही हेच आलं. होक्काइदो बेटावरचं युबारी हे कोळशाचं गाव. १९६० मध्ये तिथे १ लाख १६ हजारांवर माणसं राहत. पेट्रोलियम आलं, परदेशी कोळसा स्वस्त झाला आणि खाणी एकेक करून मिटल्या. १९८१ च्या खाणदुर्घटनेत ९३ जण गेले, शेवटची खाण १९९० मध्ये बंद झाली. गावाने पर्यटनाचा ध्यास घेतला. खाणींचं संग्रहालय, करमणूक उद्यान, बर्फावर घसरण्याचे उतार, हॉटेल, चित्रपट महोत्सव, सगळं कर्ज काढून उभारलं. पाहुणे यायला हवेत तेवढे आले नाहीत. नगरपालिकेने तोटा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवत झाकला. २००६ मध्ये तो उघड झाला आणि २००७ मध्ये युबारी अधिकृतपणे दिवाळखोर ठरलं. सुमारे ३५ अब्ज येन फेडायचे होते.

नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांची संख्या निम्म्याहून खाली आली, उरलेल्यांच्या पगाराला मोठी कात्री लागली. शाळा एकत्र करत करत गावात एक प्राथमिक आणि एक माध्यमिक एवढ्याच उरल्या. १७१ खाटांच्या रुग्णालयाचा १९ खाटांचा दवाखाना झाला आणि डॉक्टर म्हाताऱ्यांच्या घरोघरी जाऊन उपचार करू लागले. तोक्यो महानगर सरकारच्या नोकरीतून मदतीला आलेला नाओमिची सुझुकी हा तरुण २०११ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, गावाचा महापौर झाला. गावात येणाऱ्या १६ किलोमीटरच्या रेल्वेमार्गावर प्रवासी उरले नव्हते. आज ना उद्या तो बंद होणार, हे ओळखून सुझुकी यांनी स्वतःच रेल्वे कंपनीपुढे तो बंद करण्याचा प्रस्ताव ठेवला. बदल्यात बससेवेसाठी मदत मिळवली. १ एप्रिल २०१९ पासून तो मार्ग बंद आहे आणि सुझुकी त्याच महिन्यात होक्काइदोचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. गावाची लोकसंख्या सात हजारांच्या खाली गेली आहे. युबारीची खरबुजं मात्र आजही देशातल्या सर्वांत महाग खरबुजांत मोडतात.

मग टिकलं काय?

हे सगळं वाचून जपान म्हणजे उजाड देश, असं चित्र डोळ्यांपुढे आलं असेल तर ते चूक आहे. बेकारीचा दर सगळ्यात वाईट काळातही ६ टक्क्यांवर गेला नाही. १९९० मध्ये जपानी स्त्रीचं सरासरी आयुर्मान ८१.९ वर्षं होतं, २०२३ मध्ये ते ८७.१ झालं. २००२ मध्ये देशात साडेअठ्ठावीस लाख गुन्हे नोंदले गेले होते, २०२१ पर्यंत ते सहा लाखांच्याही खाली आले. १९६१ पासून देशातल्या प्रत्येकाला आरोग्यविमा आहे आणि मरगळीच्या काळात तो कोणी मोडीत काढला नाही. उलट २००० मध्ये, पैशांची ओढाताण असतानाच, वृद्धांच्या शुश्रूषेसाठी वेगळा सक्तीचा विमा सुरू झाला.

‘जपान थांबला’ हे वाक्यही तपासून घ्यायला हवं. काम करण्याच्या वयातली लोकसंख्या तिथे १९९५ पासून घटते आहे. हात कमी झाले तर एकूण उत्पादन थांबणारच. अर्थतज्ज्ञ हेसुस फर्नांडेझ-व्हिल्यावेर्दे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवून दिलं, की काम करण्याच्या वयातल्या दर माणशी उत्पादन पाहिलं तर १९९८ ते २०१९ या काळात जपानची वाढ अमेरिकेपेक्षा किंचित जास्तच भरते, सुमारे ३२ टक्के. म्हणजे माणसं काम करत होती, उत्पादनही करत होती. पगारात मात्र ते उतरलं नाही. ते गेलं कुठे? बरंचसं कंपन्यांच्या तिजोरीत. जपानी कंपन्यांचा राखून ठेवलेला नफा २०२३-२४ मध्ये ६०० लाख कोटी येनच्या वर गेला. घरोघरची आर्थिक मालमत्ता २,००० लाख कोटी येनच्या वर आहे, तिचा जवळपास निम्मा भाग रोख आणि ठेवींत आहे आणि तो मुख्यतः साठीच्या पुढच्यांच्या हातात आहे. हाच पैसा बँकांमार्फत सरकारी रोख्यांत जात राहिला. म्हणून राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक कर्ज असूनही सरकारला परदेशी सावकारांपुढे हात पसरावा लागला नाही. १९९९ मध्ये शून्यावर आणलेला व्याजदर २०१६ मध्ये तर शून्याच्याही खाली गेला.

या स्वस्त पैशाची एक वाट मुंबईपर्यंत येते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी डिसेंबर २०१५ मध्ये जपानने देऊ केलेलं कर्ज अवघ्या ०.१ टक्का व्याजाचं आहे. परतफेडीची मुदत पन्नास वर्षांची, त्यातली पहिली पंधरा वर्षं हप्ताच नाही. भुयारी मेट्रो-३ आणि शिवडी-न्हावाशेवा दरम्यानचा अटल सेतू यांनाही जपानचंच कर्ज आहे. यात मैत्री आहे, आपली यंत्रसामग्री खपवण्याची इच्छाही आहे. पण ज्या देशात पैशाला घरी व्याजच मिळत नव्हतं, त्यालाच अशा अटी परवडू शकतात, हेही खरं.

किमती परतल्या, पण...

२०२२ नंतर परिस्थिती पालटली. युक्रेनचं युद्ध आणि घसरलेला येन यांनी आयात महाग केली. जानेवारी २०२३ मध्ये महागाईचा दर चार टक्क्यांवर गेला. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. मार्च २०२४ मध्ये बँक ऑफ जपानने उणे व्याजदर संपवला आणि त्याच वसंत ऋतूत संघटनांनी सरासरी पाच टक्क्यांहून अधिक पगारवाढ मिळवली, तीस वर्षांतली सर्वांत मोठी. तरीही एप्रिल २०२२ पासून सलग सव्वीस महिने महागाई वजा जाता पगार घटतच होता. मे २०२५ मध्ये तांदूळ वर्षभरापूर्वीच्या दुप्पट भावाला विकला जात होता आणि सरकारला राखीव कोठारं उघडावी लागली.

आज जपानला माणसं हवी आहेत. परदेशी कामगारांची संख्या तेवीस लाखांवर गेली आहे आणि मोठ्या कंपन्या नव्या पदवीधरांना महिना तीन लाख येनचा पहिला पगार देऊ करत आहेत. आजच्या बावीस वर्षांच्या मुलामुलींसाठी ही चांगली बातमी आहे. हिमयुगातली पिढी आता पन्नाशीच्या आसपास आहे आणि या पगारवाढीचा सगळ्यात लहान घास तिच्या वाट्याला आला आहे. १९९३ मध्ये पदवी घेतलेली माणसं २०३५ च्या सुमारास पासष्टीची होतील. ज्यांना कायम नोकरी कधीच मिळाली नाही, त्यांच्या वाट्याला मूळ राष्ट्रीय पेन्शन येईल. आयुष्यभर सगळे हप्ते भरले असतील, तर २०२५ च्या दराने ते महिन्याला सुमारे ६९ हजार येन भरतं. तोक्योत खोलीचं भाडंही त्यातून धड निघणार नाही.

श्रीमंत देश वाढीशिवाय जगू शकतो, हे जपानने सिद्ध केलं. आरोग्यविमा, शाळा, रेल्वे आणि कायद्याचं राज्य शाबूत असेल तर तीस वर्षांची मरगळही समाज मोडू शकत नाही, हा त्याच्या अनुभवातला मोलाचा भाग आहे. पण नुकसान झालं हे लवकर मान्य करून ते सगळ्यांत वाटून घ्यायला हवं होतं. बँका, कंपन्या आणि सरकार यांनी ते बारा वर्षं झाकलं आणि ज्यांना मतपेटीत किंवा संघटनेत आवाज नव्हता अशा तरुणांच्या माथी मारलं. हा निर्णय कोणत्याही संसदेने ठराव करून घेतला नव्हता. हजारो कंपन्यांनी एकाच वेळी भरती थांबवली, इतकंच झालं. तो अन्याय होता, आणि आज जपान सरकार या पिढीसाठी खास योजना आखतं तेव्हा तेही एका परीने हे कबूलच करत असतं.

म्हणून एखाद्या देशाची वाढ मंदावल्याची बातमी वाचाल, तेव्हा शेअर बाजाराच्या आकड्याआधी एक गोष्ट विचारा: यंदा शिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्यांना काम मिळतं आहे का, आणि कोणत्या अटींवर? तो देश या उत्तरावरूनच जोखा, मग तो जपान असो की आपला.